तुम्ही विचारलंत म्हणून: एकच चॅनेल होता, मग बघायचात तरी काय?

भाची विचारते, तिच्या मैत्रिणी विचारतात, ऑफिसात नव्याने आलेली मुलं तर हमखास विचारतात: "तेव्हा एकच चॅनेल होता ना? मग दिवसभर बघायचात तरी काय?"

दिवसभर काही नसायचंच. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, आणि मला आठवतात ती 1979-80 च्या आसपासची वर्षं धरली तरी रोजचा कार्यक्रम संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपायचा. दुपारी टीव्हीवर क्रोशाचं कव्हर असायचं. आमचा टीव्ही म्हणजे शेजारच्या काकूंचा टीव्ही. लाकडी खोक्याला सरकती दारं, आत काळं-पांढरं चित्र, आणि वर्षाच्या वर्षी पोस्टात पैसे भरून घ्यायचं लायसन. आम्ही लालबागला राहायचो. वरळीचं केंद्र जवळ, त्यामुळे पडद्यावर ठिपक्यांच्या मुंग्या फारशा यायच्या नाहीत. पण आसपासच्या उंच इमारतींमुळे कधीकधी एकाच माणसाची दोन चित्रं दिसायची. मग कोणीतरी गच्चीवर अँटेना फिरवायला जायचं आणि गॅलरीतून ओरडा सुरू व्हायचा. "आलं का?" "आलं, आलं! आता हात लावू नकोस!"

काय बघायचो, याचं माझं उत्तर असं: जे आमच्यासाठी नव्हतं तेही बघायचो. मला त्या दिवसांचं मोल वाटतं ते यासाठी.

'आमची माती आमची माणसं' घ्या. शेतकऱ्यांचा कार्यक्रम. खतं, फवारणी, कांद्याची साठवण, गाईगुरांचे आजार. आता मुंबईत तो कोण बघणार, असं नव्या मुलांना वाटतं. आमच्या चाळीत मात्र त्या वेळी बसायला जागा मिळायची नाही. गिरणीतली पहिली पाळी दुपारी सुटायची. सातारा-सांगलीकडचे, कोकणातले गिरणी कामगार घरी येऊन, जेवून, थोडं पडून उठायचे आणि या वेळेला काकूंच्या खोलीत हजर व्हायचे. त्यांची जमीन गावाला होती, भाऊ कसत होता. आमच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक आजोबा होते. ते खिशातून बिडीचं पाकीट काढायचे, त्याच्या पाठीवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून पोस्टकार्डावर उतरवून भावाला पाठवायचे. "नीट लिही पोरी, आकडा चुकला तर पीक जळंल." आळी कुठल्या पिकाला लागते हे मला शाळेच्या पुस्तकाआधी त्या पोस्टकार्डांमुळे कळलं. याच प्रेक्षकांसाठी 'कामगार विश्व'ही असायचं. त्या दिवशी तर खोलीत बोलायची सोय नसे. पडद्यावर आपल्यासारख्याच माणसाला प्रश्न विचारतायत, हे त्यांना फार मोठं वाटायचं. आणि ते मोठंच होतं.

मुलांच्या कार्यक्रमांचेही असेच वार वाटलेले. मराठीत 'किलबिल', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प', गुजरातीत 'संताकुकडी'. आम्ही चारही बघायचो, कारण समोर तेच असायचं. मोठ्यांसाठी गुजराती 'आवो मारी साथे' होतं. आमच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब होतं, त्या दिवशी त्यांची बा पुढच्या चटईवर बसायची आणि आम्हाला अर्थ सांगायची. इंग्रजी शब्दखेळ 'व्हॉट्स द गुड वर्ड' आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना निम्मा कळायचा नाही, तरी सबिरा मर्चंट यांचं बोलणं ऐकत बसायचो. एकाच शहरात राहणारी इतकी माणसं रोज थोडा थोडा वेळ वाटून घेत होती, आणि ज्याची पाळी नसेल तोही उठून जात नव्हता.

बातम्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. मराठी बातम्या लागल्या की गॅलरीतली भांडी वाजायची थांबायची. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, पुढे प्रदीप भिडे. स्मिता पाटील सिनेमात नाव होण्याआधी इथेच बातम्या वाचायच्या. उच्चार स्पष्ट, आवाज कुठेही चढवलेला नाही. आमच्या बाई वर्गात सांगायच्या, "घरी जाऊन बातम्या ऐका आणि ण, न, ळ कसे म्हणतात ते बघा." शुद्ध मराठी कशी बोलावी हे आमच्या चाळीतल्या कितीतरी मुलांनी तिथून उचललं.

मग 'गजरा'. विनायक चासकर यांचा हा कार्यक्रम म्हणजे छोट्या छोट्या नाटुकल्यांची माळ, आणि त्यासाठी रंगभूमीवरची जाणती मंडळी यायची. तिकीट काढून शिवाजी मंदिरला जाणं परवडत नव्हतं अशा घरात नाटकातली माणसं आली ती 'गजरा'मुळे. 'चिमणराव'मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना तर लोक त्यांच्या खऱ्या नावाने ओळखायचेच नाहीत. गुरुवारचं 'छायागीत', शनिवारचा मराठी सिनेमा, रविवारचा हिंदी सिनेमा यांच्या आठवणी सगळ्यांकडे आहेत, त्या मी पुन्हा सांगत नाही.

हे सगळं बदललं ते 15 ऑगस्ट 1982 पासून. त्या दिवशी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत प्रक्षेपणही आलं. रंगाचं कौतुक आम्हालाही होतंच. पण रात्रीचा चांगला वेळ दिल्लीकडे गेला आणि मुंबई केंद्राच्या मराठीला संध्याकाळच्या तुकड्यात अंग चोरून बसावं लागलं. त्याच वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला होता. काकूंच्या खोलीतली कितीतरी माणसं गावी गेली ती परतलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. 1984 च्या सुमाराला देशभर भराभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. ती इन्सॅट-1बी उपग्रहावरून थेट दिल्लीचा कार्यक्रम घ्यायची. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत टीव्ही पहिल्यांदा आला तो हिंदी बोलतच. मुंबई-पुण्याचे लोक 'गजरा', 'ज्ञानदीप' म्हणून हळवे होतात तेव्हा लहान गावातला त्यांच्याच वयाचा माणूस 'हम लोग' आठवतो. "आपल्या लहानपणीचा टीव्ही" असं म्हणताना आम्ही मुंबईकरांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आता तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: हे सगळं कुठे बघायला मिळेल? थोडं मिळेल. सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनेलवर काही जुने कार्यक्रम आहेत, 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधल्या काही मुलाखती तर जरूर बघा. पण त्या काळी टेप महाग होती, पुसून तिच्यावरच पुढचा कार्यक्रम घेतला जायचा. काही कार्यक्रम थेटच व्हायचे, त्यांची टेप कधी झालीच नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांना नुसतं "काय बघायचात" असं विचारू नका. कोणाच्या घरी बघायचात, शेजारी कोण बसायचं, कुठल्या कार्यक्रमाला कोण मुद्दाम यायचं, हे विचारा आणि लिहून ठेवा. मी माझ्या चाळीपासून सुरुवात केली आहे. गुजराती बांची नात आता बोरिवलीला असते, येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे.