आमची वाटचाल : काचेपासून पुडीपर्यंत

कराडात आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे गोदाम. सुरुवात काचसामानापासून झाली. अंबाल्याहून ब्युरेट, पिपेट, टेस्टट्यूब मागवायच्या आणि आसपासच्या ज्युनिअर कॉलेजांना पोचवायच्या. शाळा-कॉलेजांचं प्रयोगसाहित्य म्हटलं की हरियाणातल्या अंबाल्याला पर्याय नाही. पण नुसतं आणून विकणाऱ्याच्या हाती या धंद्यात फारसं काही उरत नाही. खोक्यात दोन-चार ब्युरेट फुटल्या की त्या खेपेची कमाई गेलीच म्हणायची.

मी स्वतः केमिस्ट्रीचा पदवीधर, त्यामुळे माल उतरवल्यावर लॅबमधून लवकर पाय निघायचा नाही. सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखणं, चाललेलं असायचं. त्यात नायट्रेट आहे का ते बघायला ब्राउन रिंग टेस्ट, म्हणजे टेस्टट्यूबमध्ये तपकिरी कडं यायला हवं. मुलगी ओरिजिनल सोल्यूशनमध्ये, म्हणजे क्षाराच्या द्रावणात, फेरस सल्फेट घालते, टेस्टट्यूब तिरकी धरून कडेनं हळूच तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सोडते, आणि रिंग काही येत नाही. सॉल्ट बरोबर असतं, हातही बरोबर असतो. पण बाटलीतलं फेरस सल्फेट जूनमध्ये केलेलं, हवा लागून पिवळट-तपकिरी झालेलं. रिंग यायला फेरस रूपातलं लोह लागतं. ते नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड करतं आणि त्याच्याशी जोडलं जाऊन तपकिरी रंग देतं. हवेनं लोह फेरिक झालेल्या द्रावणात हे कुठून होणार? मग शेजारच्या जर्नलमध्ये बघून ‘नायट्रेट कन्फर्म’ लिहायचं.

त्यावरून आम्ही फेरस सल्फेटच्या पुड्या सुरू केल्या. एका बॅचला पुरेल इतके हिरवे खडे मोजून, हवाबंद. त्या दिवशी फोडायची, पाण्यात विरघळवायची, थोडं विरल सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. पुडीची किंमत चहाच्या कपापेक्षाही कमी, पण आमचं नाव झालं ते तिच्यामुळे. हळूहळू सबंध सॉल्ट ॲनालिसिसचा संच झाला. सिल्व्हर नायट्रेट उजेडानं बिघडतं, म्हणून ते तपकिरी बाटलीत. कॉस्टिक सोड्याला काचेचं बूच दिलं की ते असं धरतं की बाटली फोडावी लागते, म्हणून तो प्लॅस्टिकच्या बाटलीत. सगळ्या बाटल्या ड्रॉपरच्या. आम्ही त्याला काही शोध म्हणत नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या प्रत्येक लॅब असिस्टंटला हे ठाऊक होतं. पण आता अनेक ठिकाणी तो माणूसच उरलेला नाही. जागा रिकामी आहे, आणि द्रावणं करायची कोणी, यावर गाडी अडते.

टायट्रेशनचंही, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून द्रावण मोजायच्या प्रयोगाचंही, तसंच. ऑक्झॅलिक ॲसिड विरुद्ध पोटॅशियम परमँगनेट. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचा. पहिले थेंब पडले की गुलाबी रंग जायला वेळ लागतो, मूल घाबरतं, आपलं चुकलं म्हणून ब्युरेट बंद करतं. थोडं थांबलं की तयार झालेलं मँगनीजच पुढची क्रिया वेगानं करतं आणि थेंब पडल्या पडल्या रंग नाहीसा होऊ लागतो. हे सरांनी टेबलावर करून दाखवलं तर समजतं, पण बोटांना कळत नाही. तीन रीडिंग सारखी येऊन सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, स्वतःच्या हातानं मिळालेलं मूल तोंडीला वेगळं उत्तर देतं, असं मला अनेक परीक्षकांनी सांगितलंय.

ॲसिडचा व्याप मात्र वेगळाच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडविक्रीवर निर्बंध घातले. तेव्हापासून घेणाऱ्याचं ओळखपत्र, कारण, नोंद, सगळं लागतं. कॉलेजांनाही वापराचं रजिस्टर ठेवावं लागतं. आमच्याकडे कोणी चिठ्ठी देऊन पोराला पाठवलं तर पोर रिकाम्या हातानं परत जातं. त्यावरून एक-दोन गिऱ्हाइकं रुसली, रुसू देत.

धंद्याचा खरा शत्रू स्पर्धा नाही, ‘इंटिग्रेटेड’ बॅच आहे. मुलगा कॉलेजच्या पटावर, बसतो क्लासमध्ये, आणि लॅबमध्ये उगवतो थेट बोर्डाच्या प्रॅक्टिकलला. अशा एका ठिकाणी आमचा संच सील न तोडता दोन वर्षं कपाटात होता. बिल वेळेवर मिळालं होतं, तरी मी पुढची ऑर्डर घेतली नाही. भागीदार आठवडाभर बोलत नव्हता.

आता माल जुलैतच भरतो, कारण गणपतीनंतर सगळ्यांना एकदम आठवण होते. यंदा संचातून नेसलर, म्हणजे अमोनियम ओळखायचं द्रावण, काढलंय. त्यात पारा असतो, आणि उरलेलं सगळं सिंकमध्ये जातं. अमोनियम ओळखायला ओला लाल लिटमस आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवलेली काचकांडी पुरते. पांढरा धूर दिसतोच. काही सर अजून नेसलरच मागतात. त्यांना बाटली वेगळी देतो, आणि सोबत उरलेलं ओतायला झाकणाचा रिकामा डबा.