मूत्रपिंडावरची चरबी

आमचा थर्मामीटर ९४ फॅरनहाइटपासून सुरू होतो. निरोगी मेंढीचं तापमान १०२-१०३ असतं. २ डिसेंबर २०२१च्या सकाळी मी सात मेंढ्यांना थर्मामीटर लावला आणि एकदाही पारा जागचा हलला नाही. सातही मेंढ्या जिवंत होत्या, डोळे उघडे होते.

मी पशुधन विकास अधिकारी आहे. तेव्हा नेमणूक पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात होती. आदल्या दिवशी अरबी समुद्रावरच्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे पाऊस सुरू झाला होता, जोडीला गार वारा, आणि रात्रभर थांबला नाही. त्या दोन दिवसांत पुणे-नगर पट्ट्यात हजारो मेंढ्या गेल्या. मला पहाटे साडेपाचला फोन आला तो एका वाड्याचा, म्हणजे फिरत्या मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचा. पारनेरच्या माळावरून निघालेली दोनशेच्या आसपास मेंढरं, माळशेज उतरून मुरबाडकडे चाललेली. काढणी झालेल्या एका काळ्या रानात वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून बसवली होती. कोरड्या दिवसांत मेंढरं बसवायला यापेक्षा चांगली जागा नाही आणि पावसात यापेक्षा वाईट नाही. पोटापर्यंत चिखल, आडोसा म्हणून एक बांध आणि दोन बाभळी. मी पोचलो तेव्हा ६१ मेंढ्या मेल्या होत्या.

आधी कोकरं घेतली. गावातली माणसं मदतीला आली होती, त्यांनी शेकोटी पेटवून कोकरं तिच्याजवळ आणून ठेवली होती. मी ओरडूनच सगळी मागे घ्यायला लावली. लोकांना राग आला, साहजिक होतं. पण रात्रभर उपाशी राहिलेल्या, गार पडलेल्या कोकराच्या रक्तात साखर उरलेली नसते. त्याला नुसती ऊब दिली की शरीर जागं होतं, इंधन मागतं, ते मिळत नाही, आणि कोकरू झटके देऊन मरतं. आधी ग्लुकोज, मग शेक. पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचंच द्रावण, उकळून गार केलेल्या पाण्यात वीसपर्यंत खाली आणायचं, हाताला कोमट लागेल इतकं गरम करायचं, कोकराला पुढच्या पायांना धरून उभं लटकवायचं, आणि बेंबीच्या एक इंच खाली, एक इंच बाजूला, सुई शेपटीच्या दिशेने तिरकी ठेवून पोटात सोडायचं. किलोला दहा मिली. वाड्यातल्या मावशी एकेक कोकरू धरून देत होत्या. तिसऱ्या कोकरापासून त्यांनी मी न सांगता बेंबीजवळची जागा पुसून ठेवायला सुरुवात केली. १९ कोकरांपैकी १४ दुपारपर्यंत उभी राहिली. डालग्याखाली त्यांची ओरड सुरू झाली तेव्हा मला पहिल्यांदा भूक लागली.

मग शवविच्छेदन. इतक्या मरतुकीत प्रत्येक जनावर उघडणं शक्य नसतं, मी नऊ उघडली. थंडीने मेलेल्या जनावरात दाखवण्यासारखं फारसं काही सापडत नाही. फुफ्फुसात रक्त साकळलेलं, श्वासनलिकेत थोडा फेस, एवढंच. मला थांबवलं ते मूत्रपिंडांनी. मेंढीच्या मूत्रपिंडाभोवती पांढऱ्या घट्ट चरबीचा गोळा असतो, जनावराची शेवटची शिल्लक. नऊपैकी सात मेंढ्यांत त्या जागी पिवळट, ओलसर, जेलीसारखं काहीतरी होतं. हृदयाच्या खोबणीतही तेच. ही एका रात्रीत होणारी गोष्ट नाही. त्याला कित्येक आठवड्यांची उपासमार लागते.

मी मेंढरांच्या मालकाला, मामांना, विचारलं, "दिवाळीपर्यंत मेंढरं कुठं होती?"

"माळावरच की. पण माळ ऱ्हायला कुठं, डॉक्टर?" त्यांच्या गावावरच्या माळावर तीन वर्षांपूर्वी चर खणून झाडं लावली, चराईबंदी केली. उरलेल्या पट्ट्यात चार वाड्यांची मेंढरं.

मी तो माळ नंतर जाऊन पाहिला. वीतभर मातीखाली मुरूम, पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर. तिथे मोठी झाडं विरळच असायची, कारण ते जंगल कधी नव्हतंच. सव्हाना म्हटलं की आपल्याला शाळेतली आफ्रिका आठवते. आपल्या दारातला पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळीचा माळ हाही त्याच जातीचा बायोम, म्हणजे निसर्गाचा प्रकार, आहे हे मला पदवी घेतानाही कुणी शिकवलं नाही. सरकारी नकाशात त्याचं नाव 'पडीक'. इंग्रजांच्या महसूल खात्याला ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती पडीक, आणि तो शब्द आपण आजही हवामान बदलावरच्या उपायांसाठी वापरतो. पडीक आहे ना, मग झाडं लावा, कार्बन साठेल. या गवताचा कार्बन मातीत, मुळांत असतो, आणि चर खणताना आपण तीच माती उलथतो. त्या माळावर जगलेलं झाड एकच होतं, गिरिपुष्प. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. मेंढरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी मेंढपाळाला विचारलं नाही, एवढं मात्र नक्की.

नांगर चालत नाही अशा जमिनीतून अन्न काढायची एकच रीत आपल्याकडे होती. गवत मेंढीने खायचं, मटण आणि कोकरं माणसाला, लेंडी खत शेताला. कोकणातल्या भातखाचरात मेंढरं बसवली की त्याचं धान्य मिळायचं. माळ गेला की ही साखळी पहिल्या कडीलाच तुटते. त्यात समुद्र तापतो आहे. २०१९ साली एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. एका डिसेंबरचा पाऊस सरळ त्याच्या खात्यावर टाकण्याइतका मी हवामानतज्ज्ञ नाही. पण अवेळी पाऊस आता मेंढपाळाने गृहीत धरायला हवा, आणि तो सोसायची शिल्लक मेंढीच्या अंगावर असायला हवी, हे मी हाताने पाहिलं आहे.

दुपारी तलाठी आले. पंचनाम्याच्या नमुन्यात 'मृत्यूचे कारण' हा एका ओळीचा रकाना आहे. केंद्राच्या आपत्ती निकषात तेव्हा मेंढीमागे ३,००० रुपये आणि कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरं. म्हणजे ६१ पैकी ३१ मेंढ्या कागदावर मेल्याच नाहीत. कानात बिल्ला नाही, मालक दुसऱ्या तालुक्याचा, मग मदत कोणी द्यायची यावर दोन तास गेले. फिरस्ता माणूस आमच्या एकाही नमुन्यात बसत नाही. नमुने करणाऱ्यांनी कधी चालत घाट उतरला नसावा.

मी त्या रकान्यात लिहिलं, 'अवकाळी पाऊस व अतिथंडी'. खोटं नव्हतं. 'दीर्घ उपासमार' हे शब्द जोडले असते तर तेही खोटं नव्हतं, पण मग ही नैसर्गिक आपत्ती नाही, मालकाचा निष्काळजीपणा आहे, असं म्हणत वर कोणीतरी प्रकरण परत पाठवलं असतं. मामांचे ९०,००० रुपये माझ्या दोन शब्दांवर होते. मी ते शब्द लिहिले नाहीत. आजही तसाच लिहीन. पण त्या दिवशी अशा किती डॉक्टरांनी मूत्रपिंडावरची जेली पाहिली आणि माझ्यासारखीच कागदाबाहेर ठेवली असेल, हा विचार जात नाही. सरकारदरबारी त्या वर्षी मेंढ्या फक्त पावसाने मेल्या.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या विरोधात जाऊ शकते. ओढ्यापलीकडे, अर्ध्या किलोमीटरवर, दुसरा वाडा होता. तोच पाऊस, तसंच रान. दीडशे मेंढरांत दोन मेली. ही मेंढरं ज्या गावची, तिथे गायरान अजून शाबूत आहे. पण ती जुनी काळी दख्खनीही होती, दाट लोकरीची. मामांच्या कळपात माडग्याळी जातीचं रक्त बरंच होतं, उंच, वजनदार, अंगावर लोकर नावाला. लोकरीला कुणी विचारत नाही, कातरणीचा खर्चही निघत नाही, म्हणून मटणाच्या वजनासाठी त्यांनी नर बदलला होता. मग दुसरा कळप वाचला तो चरबीमुळे की लोकरीमुळे?

ठरवायला साधा मार्ग होता. पलीकडच्या त्या दोन मेंढ्या उघडून मूत्रपिंड पाहायचं. मी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि त्यांनी चुना टाकून खड्डा बुजवला होता.