आल्टम्यूलच्या काठाने, गाड्यांशिवाय

आज जर्मनीतल्या बव्हेरियात आल्टम्यूल नदीच्या काठाने सायकल मारली, बाइलनग्रीस ते केलहाइम. रस्ता बराचसा बारीक दाबलेल्या खडीचा, गाड्या जवळपास नाहीतच त्यामुळे हॉर्न नाही की धूर नाही, टायरखाली खडी करकरते तेवढाच काय तो आवाज. आणि चढ म्हणाल तर नावाला, कारण या टप्प्याच्या बऱ्याचशा भागात नदीचाच माइन-डॅन्यूब कालवा केलाय (१९९२ ला पूर्ण झाला), पाणी एकदम शिस्तीत वाहतं. खरं सांगू का, मला वरच्या बाजूची वळणंवळणं घेणारी नदीच जास्त आवडते.

रीडेनबुर्गला मान वर केली की रोझनबुर्ग, शेजारी आणखी दोन किल्ल्यांचे अवशेष. पण खरा कहर प्रुनच्या किल्ल्याचा! चुनखडीच्या सरळसोट कड्यावर अगदी टोकाशी उभा आहे, खालून बघताना कडा कुठे संपतो नि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही, मी तर पाच मिनिटं सायकल धरून नुसता बघत बसलो. पुढे एसिंगला तो नागमोडी लाकडी पूल, जवळजवळ १९० मीटरचा, त्यावरून सायकल हातात धरून गेलो. केलहाइम आलं तेव्हा पायांनी संप पुकारलेला, त्यामुळे डोंगरावरचं बेफ्रायुंग्सहाले हे स्मारक खालूनच बघितलं. कोणी जाणार असाल तर जरा रुंद टायर लावा रे.