सत्तर किलोमीटर, सहा बेटं आणि ताईचा चिवडा

आधीच सांगून टाकते, या सगळ्या ट्रिपमध्ये सायकल चालवणं हाच सगळ्यात सोपा भाग होता.

शिमानामी काइदो हे नाव पहिल्यांदा ताईकडून ऐकलं. ताई म्हणजे माझी नणंद, वय ५४, रोज सकाळी खडकवासल्यापर्यंत सायकल, रविवारी पानशेत. जपानमध्ये ओनोमिची गावापासून इमाबारीपर्यंत साधारण ७० किलोमीटरचा सायकलचा रस्ता आहे, मध्ये सहा बेटं आणि ती जोडणारे समुद्रावरचे पूल. ती म्हणाली चल, मी म्हटलं चल, आणि मग लक्षात आलं की ताई शाकाहारी. अंडं चालतं, बाकी काही नाही. माझं माहेर मालवण, त्यामुळे मला काळजी नव्हती, म्हणजे माझ्यापुरती.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही, फॉर्मसोबत रोजचा कार्यक्रम लागतो, कुठल्या तारखेला कुठे राहणार वगैरे, त्यामुळे हॉटेलं आधीच ठरवावी लागली. ते एका अर्थी बरंच झालं, कारण मी एका दिवसात सगळं उरकू म्हणत होते. एका दिवसात होतं, लोक करतात. पण मग खायचं कधी आणि बघायचं कधी? ताईने सरळ दोन दिवस केले, पहिला मुक्काम वाटेतल्या सेतोदा गावाला.

आता बॅगांची गंमत. आम्ही आधी ओसाकाला होतो आणि आमच्याकडे दोन मोठ्या सुटकेसा. शिंकानसेनमध्ये, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनमध्ये, बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर त्यासाठी वेगळी सीट आधी बुक करावी लागते, आणि सायकलवर तर सुटकेस नेता येत नाहीच. यावर तिकडे फार छान सोय आहे, बॅग कुरियरने पुढच्या हॉटेलवर पाठवून द्यायची, ताक्क्यूबिन म्हणतात. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरला, कोणत्या तारखेला हवी ते लिहिलं, झालं. त्या कंपनीचं चिन्ह म्हणजे तोंडात पिल्लू धरलेली काळी मांजर. मी ताईला म्हटलं बघ, निघतानाच काळी मांजर आडवी गेली. ती हसली, पण तिचा घरून आणलेला पोह्यांचा चिवडा, मेतकूट, डिंकाचे लाडू, सगळं त्या सुटकेसमध्येच इमाबारीला गेलं हे आम्हाला ओनोमिचीला पोचल्यावर कळलं. म्हणून सांगते, बॅग पाठवण्याआधी खाऊ काढून घ्या. औषधं काढली, चार्जर काढले, खाऊ राहिला.

ओसाकाहून फुकुयामापर्यंत शिंकानसेन, साधारण तास, सवा तास, तिथून लोकल ट्रेनने वीसेक मिनिटांत ओनोमिची. गाव डोंगरउतारावर, वर देवळं, खाली बंदर. दुपारी मी ओनोमिची रामेन खाल्लं, सोया सॉसचा रस्सा, चपट्या नूडल्स, वर डुकराच्या चरबीचे छोटे तुकडे तरंगत असतात, तेलकट पण जबरदस्त. ताई समोर बसून पाणी पीत होती. नंतर तिच्यासाठी कॉम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर असतात त्या दुकानांतून, ओनिगिरी घेतली, भाताचा त्रिकोणी गोळा, आत उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवलेलं आंबट फळ. आंबट-खारट, आपल्या मिठातल्या आवळ्याच्या जवळपास जाणारी चव. तिला आवडली. पुढचे दोन दिवस तिने किती खाल्ल्या ते मोजलं नाही.

खरा प्रॉब्लेम मांस नाही, दाशी आहे. वाळवलेल्या माशाच्या, कात्सुओच्या किसाचं पाणी, ते मिसो सूपमध्ये असतं, उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, रश्श्यात असतं, भाजी शिजवतात त्यात असतं, तेम्पुराबरोबर, म्हणजे त्यांच्याकडच्या भज्यांबरोबर, येणाऱ्या सॉसमध्येही असतं. 'मांस नको' सांगितलं की समोरचा अगदी मनापासून हो म्हणतो आणि माशाच्या पाण्यात शिजवलेला मुळा आणून देतो, त्याचा काहीच दोष नाही, त्याच्या दृष्टीने तो मुळाच आहे. आम्ही जपानी भाषेत एक चिठ्ठी छापून नेली होती: मांस नको, मासे नकोत, कात्सुओ दाशीसुद्धा नको, अंडं आणि दूध चालेल. रेस्टॉरंटमध्ये चिठ्ठी वाचून दोन जणांनी हात जोडून नाही सांगितलं, ते मला उलट बरं वाटलं. मुक्कामाच्या जागी मात्र हे बुकिंग करतानाच कळवायचं, दारात जाऊन सांगितलं तर त्यांची फार पंचाईत होते, जेवणाची तयारी आधीच झालेली असते.

सकाळी सायकली भाड्याने घेतल्या, हेल्मेटसकट. २०२३ पासून तिकडे सगळ्याच सायकलवाल्यांनी हेल्मेट घालावं असा नियम आहे, दंड नाही पण घालाच. एका गावात घेतलेली सायकल दुसऱ्या टोकाला परत करता येते, हे या रस्त्याचं सगळ्यात मोठं सुख. रस्त्याची डावी बाजू, आपल्यासारखीच. पण शेजारी शेजारी गप्पा मारत चालवायची नाही, नियमात बसत नाही, आणि आम्हा दोघींना ते फार जड गेलं. आणि बियर प्यायली तर त्या दिवशी सायकल बंद.

ओनोमिचीहून पहिल्या बेटावर, मुकाइशिमाला, फेरीने जायचं. पाच मिनिटांत पलीकडे, शाळेची पोरं, आज्ज्या, सगळे सायकली घेऊन चढतात. तिथून पुढे रस्त्याच्या कडेला निळी रेघ आहे, इमाबारी किती किलोमीटर राहिलं तेही त्यावर लिहिलेलं, नकाशा काढायची गरजच पडत नाही. पूल उंचावर असतात त्यामुळे प्रत्येक पुलाआधी चढ, पण सायकलींसाठी वेगळा वळणावळणाचा रस्ता काढलाय, चढ जेमतेम ३ टक्के. कात्रजचा घाट चढलेल्या माणसाला तर तो चढ वाटणारच नाही. पहिला मोठा पूल इन्नोशिमाचा, १९८३ चा, त्यात सायकलींचा रस्ता गाड्यांच्या खालून जातो, जाळीच्या बोगद्यातून गेल्यासारखं, वरून ट्रक धडधडत जातात आणि बाजूला समुद्र.

मार्चचा शेवट होता. रस्त्याच्या कडेला संत्र्या-मोसंब्यांच्या पिशव्या ठेवलेल्या, शेजारी पैशांचा डबा, माणूस नाही. शंभर येन टाकायचे, पिशवी घ्यायची. आम्ही हास्साकु घेतलं, इन्नोशिमाचंच फळ, पपनस आणि मोसंबीच्या मधलं काहीतरी, साल जाड आणि किंचित कडवट. त्या दिवशी तेच आमचं जेवण झालं, कारण दुपारी दोननंतर बरीच हॉटेलं बंद होतात हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. अडीच वाजता तीन दारांवरून परत फिरलो. ताई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "चिवडा आत्ता कुठे असेल गं?"

सेतोदा इकुचिजिमा बेटावर, लिंबांचं बेट. लिंबाचं जिलातो, लिंबाचा केक, लिंबाचं मीठ. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी आमच्यासमोर ताटं आली. मला ऑक्टोपस घातलेला भात, ताकोमेशी, तिथली खासियत. ताईला भाज्यांचा तेम्पुरा, सॉसऐवजी मीठ आणि लिंबाची फोड, गार तोफू, लोणची, आणि सूप शिताके मशरूम आणि कोंबूच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पाण्याचं. बाईंनी आमची चिठ्ठी ईमेलने आधी मिळाल्यावर मुद्दाम वेगळं केलं होतं. ताईने सूपची वाटी दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ खालीच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तातारा पूल, १९९९ चा, मधला गाळा ८९० मीटर. मनोऱ्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज वरपर्यंत कडकडत जातो, रडणारा ड्रॅगन म्हणतात त्याला. पुलाच्या मध्यावर हिरोशिमा प्रांत संपून एहिमे प्रांत सुरू होतो. हाकाता बेटावर मिठाचं आइस्क्रीम खाल्लं, ठीकच. शेवटी कुरुशिमा, तीन झुलते पूल एकाला एक लावून साधारण चार किलोमीटर, खाली पाणी भोवरे घेत पळत असतं आणि वर वारा असा की मी दोनदा उतरून हातात सायकल धरून चालले, ताई मात्र चालवतच गेली.

इमाबारीत ताईने स्वतःच जाहीर केलं, की आज एक दिवस दाशी चालेल, माशाचा तुकडा नको. आपल्याकडे नाही का, फोडी बाजूला काढून रस्सा खाणारे असतात, तसं. मी उदोन मागवायला "ताई, हे चालेल का?" म्हणून हाक मारली तर काउंटरवरच्या काकांनी मान वर करून विचारलं, "ताई? ताई-मेशी?" जपानीत ताई म्हणजे समुद्रातला एक मासा, आणि ताई-मेशी म्हणजे त्याचा भात, तिथला प्रसिद्ध. मला हसू आवरेना. मी ताई-मेशी मागवला, ताईने उदोन खाल्लं, आणि जेवताना दोनदा मला म्हणाली की आता मला नावाने हाक मार.

हॉटेलवर सुटकेसा आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. ताईने बूट पण काढले नाहीत, जमिनीवर बसून सुटकेस उघडली, चिवड्याचा डबा काढला, आणि सेतोदाहून जपून आणलेलं लिंबू त्यावर पिळलं. मलाही दिला, मूठभरच.