इमोत्स्की: कड्याला टेकलेले क्रीडांगण

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहराहून इमोत्स्कीपर्यंतचा रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा आहे. समुद्र मागे पडला की दाल्मेशिया या किनारी प्रदेशाचे दुसरेच रूप समोर येते. चुनखडीचे उघडेबोडके डोंगर, त्यांत जमीन खचून झालेले खोल खळगे, आणि पिकाऊ सपाटी असलीच तर डोंगरांमधल्या लांबट मैदानात. हर्झेगोव्हिनाच्या सीमेलगतचे, जेमतेम दहा हजार वस्तीचे हे क्रोएशियन गाव अशाच एका मैदानाच्या काठावर, चढावर वसले आहे. पर्यटक इथे येतात ते निळे आणि तांबडे ही दोन सरोवरे पाहायला; मी मात्र मुख्यतः ‘गोस्पिन दोलात्स’ हे क्रीडांगण पाहण्यासाठी गेले होते.

तोपाना किल्ल्यावरून ते एका नजरेत सामावते. १७१७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने उस्मानी तुर्कांकडून घेतलेल्या या किल्ल्याच्या एका अंगाला निळ्या सरोवराचा खळगा आहे आणि दुसऱ्या अंगाला हिरवेगार मैदान. मैदान १९८९ मध्ये बांधून झाले, म्हणजे युगोस्लाव्हिया अखेरच्या घटका मोजत असताना. दोनच वर्षांत क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले. देखण्या मैदानांच्या याद्यांत त्याचे छायाचित्र हमखास झळकते, पण ते कोणत्या काळात उभे राहिले याचा उल्लेख त्यांत क्वचितच असतो.

जवळून पाहता ते छायाचित्रातल्यापेक्षा साधे आणि म्हणूनच अधिक पटणारे वाटले. सुमारे चार हजार प्रेक्षकांची सोय असून बसण्याच्या पायऱ्या डोंगराच्या उतारालाच धरून बसवल्या आहेत. समोर भिंत म्हणून थेट कडा उभा आहे आणि त्याच्या भेगांतून झुडपे डोकावतात. सपाट जमीन द्राक्षवेलींना हवी असताना खेळासाठी खडकातली घळ निवडणे हा माझ्या मते सौंदर्यदृष्टीपेक्षा शेतकरी हिशेबाचा भाग असावा. नोंदीत ते बहुउद्देशीय असले, तरी तेथे प्रामुख्याने फुटबॉल खेळला जातो आणि स्थानिक एनके इमोत्स्की संघाचे ते घरचे मैदान आहे. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाला तिसरे स्थान मिळवून देणारा कर्णधार झ्वोनिमिर बोबान १९६८ मध्ये याच गावात जन्मला, हे कळल्यावर एवढ्याशा गावाच्या फुटबॉलवेडाचे नवल वाटत नाही.

या वेडाची खरी साक्ष मात्र कड्यापलीकडच्या निळ्या सरोवरात मिळते. भूमिगत गुहेचे छत कोसळून झालेल्या या खळग्यात पावसाळी महिन्यांत पाणी कित्येक मीटर चढते आणि एखाद्या कोरड्या वर्षी उन्हाळा सरताना ते पूर्ण आटते. तसे झाले की गावकरी तळाशीच फुटबॉलचा सामना भरवतात. एका संघाला वनातल्या यक्षांचे नाव असते, तर दुसऱ्याला माणूस-लांडग्यांचे. १९०७ साली, ऑस्ट्रियन अमलात बांधलेल्या नागमोडी पायवाटेने मी खाली उतरले, तेव्हा सरोवरात भरपूर पाणी होते आणि मुले त्यात पोहत होती. सामना पाहण्याची हौस असणाऱ्यांनी तारीख ठरवून येण्यात अर्थ नाही, कारण ती पाऊस ठरवतो. घळीतल्या मैदानावरचे सामने मात्र हंगामाच्या वेळापत्रकानुसार होतात, त्यामुळे त्यांचा बेत आधी आखता येतो.