वर्षानुवर्षं उभ्या गाड्यांचा लिलाव: बघून आलो, जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

अशा लिलावाला जायचं ठरवलंत तर आदला दिवस मोकळा ठेवा. गाड्या नीट बघता येतात त्या आदल्या दिवशीच. लिलावाच्या दिवशी गर्दी, माइकचा आवाज आणि डोक्यात चढलेली बोली यांत कुणी गाडीखाली वाकून बघत नाही. आम्ही सकाळी दार उघडताच आत गेलो. मी आणि माझा मित्र, जो रोज गॅरेजमध्ये हात काळे करतो. सोबत टॉर्च, छोटा आरसा, लोहचुंबक, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि जमिनीवर आडवं व्हायला एक जुनी चादर होती. यातलं काही जमलं नाही तरी टॉर्च आणि चादर न्याच.

गोदामात मांडलेल्या बहुतेक गाड्या एकाच प्रकारच्या: रनिंग अगदी कमी आणि कित्येक वर्षं जागेवरून न हललेल्या. बऱ्याच गाड्यांवरची धूळही तशीच ठेवलेली. धूळ आता किंमत वाढवते. पॅरिसमध्ये 2015 साली बेयॉं यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा शेडमध्ये पडून असलेल्या गाड्या सापडल्या तशाच मांडल्या होत्या. त्यातली धुळीने माखलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर दीड कोटी युरोच्या वर गेली. पण ती फेरारी होती, फारच थोड्या बनलेल्यांपैकी एक. साध्या गाडीवरच्या धुळीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय धुळीचे पैसे देऊ नयेत.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला तो 1974 च्या एका फोक्सवॅगन बीटलपाशी. मीटरवर साडेसहा हजारांच्या आत किलोमीटर. आता या मीटरला आकडे पाचच. म्हणजे लाखाची फेरी पूर्ण करूनही तो पुन्हा इथेच येऊ शकतो. मग पुरावा कुठे शोधायचा? पेडलचं रबर बघा. क्लचच्या रबरावरच्या रेघा अजून टोकदार होत्या. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबलेली नव्हती. दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचा जुना स्टिकर होता, त्यावरचे किलोमीटर मीटरशी जुळत होते. टायरच्या बाजूवर तारखेचा कोड असतो: चार आकडी असेल तर 2000 किंवा नंतरचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, तीन आकडी असेल तर त्याआधीचा. इथे तीन आकडी होता, चारही टायर एकाच कंपनीचे, नक्षी जवळपास पूर्ण. रंगाचं यंत्र सगळीकडे शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पुटी भरलेली नाही, रंग कारखान्यातलाच. रनिंग खरं होतं, याबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही.

मग मित्राने परवानगी विचारून मागची सीट उचलली. बीटलची बॅटरी तिथेच खाली असते, हे नवख्याला माहीत नसतं. बॅटरीखालचा पत्रा पांढरट पडून पापुद्रे सुटलेला होता, ॲसिडने खाल्लेला. चादर टाकून खाली शिरलो तर दाराखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांतून हीटरची हवा पुढे जाते, त्या आतून गंजून कडेला फुगलेल्या. वरून रंग आरशासारखा आणि खालून हा प्रकार. गाडी मातीच्या जमिनीवर उभी असावी, ओल खालूनच चढते. मित्र म्हणाला, "रनिंग बघून भुलू नकोस. रबर बघ, पत्रा बघ."

त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि हा वृत्तांत लिहायचं कारणही तेच आहे. गाडी चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून वेगळ्या तऱ्हेने, आणि अनेकदा जास्त, खराब होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. ब्रेकचे रबरी पाइप आतून फुगतात, मग दाबलेला ब्रेक सुटत नाही. पेट्रोल आटून टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पिस्टनच्या रिंगा जाम होतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कूलंटमधला गंजरोधक संपतो आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. टायमिंग बेल्ट असेल तर तो किलोमीटरइतकाच वयानेही जातो. उंदरांनी वायरिंग खाल्लेली गाडी तर जवळ गेल्यावर वासानेच कळते.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या टल्सा शहरातलं. 1957 साली नवीकोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या तळघरात पुरली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. 2007 मध्ये झाकण उघडलं तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं आणि गाडी गंजाचा सांगाडा झाली होती. रनिंग म्हणाल तर जवळजवळ शून्य.

बीटलच्या दोन रांगा पलीकडे एक मर्सिडीज 240 डी होती. रनिंग लाखाच्या बरंच वर, त्यामुळे तिच्याभोवती कुणी नव्हतं. पण सोबत मालकाची वही होती. महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी फिरवल्याची नोंद, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, हवा भरल्याच्या तारखा. अक्षर एकाच माणसाचं, शाई मात्र बदलत गेलेली. ती वही चाळताना त्या माणसाबद्दल खरोखर आदर वाटला. मला विचाराल तर त्या गोदामातली सगळ्यात चांगली गाडी तीच.

लिलावात अर्थात उलटं झालं. बीटलची बोली अंदाजित किमतीच्या बरीच पुढे गेली, मर्सिडीज खालच्या अंदाजाच्याही आतच सुटली. नेब्रास्कातल्या पिअर्स या गावी 2013 साली लॅम्ब्रेक्ट यांच्या शेव्हरोले डीलरशिपमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथेही हेच दिसलं होतं. गाड्या पाचशेच्या घरात, बऱ्याचशा उघड्यावर उभ्या. 1958 ची कॅमिओ पिकअप, मीटरवर 1.3 मैल, 1,40,000 डॉलरला गेली. संग्रहालयात ठेवायची असेल तर मीटरवरचा आकडा हेच तिचं मोल, यात गैर काही नाही. आणि अशी गाडी घेतलीत तर तिचा मूळ रंग, मूळ सीटकव्हर काढून नवं चढवू नका, ते एकदा गेलं की परत येत नाही. चालवायला हवी असेल तर मात्र दुसऱ्या रांगेत बघा.

पैशाचं आधी ठरवा. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलाव करणाऱ्यांचं कमिशन असतं, बहुधा दहा ते पंधरा टक्के, आणि त्यावर कर. कॅटलॉगच्या शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या अटी आदल्या रात्री वाचा. गाडी "आहे तशी" विकली जाते, नंतर तक्रार चालत नाही. अमुक दिवसांत नेली नाही तर जागेचं भाडं चढतं. हातोडा पडताक्षणी जोखीम सहसा तुमची होते, म्हणून विम्याची चौकशी आधीच करून ठेवा. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली गाडी विकली जात नाही ती, आहे की नाही ते कॅटलॉगमधल्या त्या गाडीच्या नोंदीत दिसतं. कमिशन आणि कर धरून आपली मर्यादा कागदावर लिहा आणि तो कागद हातात धरूनच बोली लावा.

गाडी न्यायला विंच (गाडी दोराने ओढून वर चढवणारं यंत्र) असलेला ट्रक बोलवा आणि चाकं फिरतात का ते ट्रकवाल्याला आधीच सांगा. जाम चाकांसाठी वेगळी सोय लागते. तिथल्या तिथे जंपर लावून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून, इंजिन सुरू करण्याचा मोह आवरा, आजूबाजूचे कितीही आग्रह करोत. घरी आणून स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग पान्याने हाताने इंजिन फिरवून बघा. मोकळं फिरलं तर ऑइल बदला आणि टाकीला हात न लावता बाहेरच्या छोट्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या. त्याआधी इंजिनाजवळचे पेट्रोलचे रबरी पाइप बदलायचेच. तडकलेल्या पाइपमुळे बीटल पेटल्याचे प्रकार नवे नाहीत. टायर दिसायला कितीही नवे असले तरी रस्त्यावर वापरू नका. मूळ असतील तर काढून जपून ठेवा, गाडीच्या कागदांइतकेच ते कामाचे आहेत.