आमची वाटचाल: आधी काळा, मग पांढरा

टीव्हीचं चित्र मापून जुळवून द्यायचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं, आमचं काम पिक्चर ट्यूबच्या दुरुस्तीतून उभं राहिलं. तेव्हा चित्र जुळवायचं म्हणजे मागचं कव्हर काढायचं. ईएचटीवर, म्हणजे ट्यूबला उच्च दाबाची वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, दोन प्रीसेट (जुळवणीचे स्क्रू) असत, एक फोकसचा आणि एक स्क्रीनचा, म्हणजे ट्यूबच्या एकूण उजेडाचा. सर्व्हिस स्विच दाबला की पडद्यावर एकच आडवी रेघ उरे. ती जेमतेम दिसेल इतका स्क्रीन खाली आणायचा, मग ट्यूबच्या बेसवरचे लाल, हिरवा, निळा हे कट-ऑफचे प्रीसेट फिरवून रेघेतली रंगाची झाक घालवायची. रेघ पांढरी झाली की चित्राची काळी बाजू जुळली. उजळ बाजू त्यानंतर, ड्राइव्हच्या म्हणजे रंगाचा जोर ठरवणाऱ्या प्रीसेटवर. हा क्रम उलटा केला की दोन्ही कामं पुन्हा करावी लागत.

ट्यूब गेली. पॅनासोनिकनं २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणंही थांबवलं. कव्हर उघडायचं काम संपलं, पण आजच्या एलईडी किंवा ओएलईडी टीव्हीच्या मेनूत व्हाइट बॅलन्स उघडून बघा: ऑफसेट म्हणजे तोच कट-ऑफ, गेन म्हणजे तोच ड्राइव्ह. आमच्या हाताला सवय असलेलंच काम होतं, म्हणून आम्ही कॅलिब्रेशनकडे वळलो.

मुंबईत २०१२ मध्ये आणि पुण्यात २०१३ मध्ये केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. चित्रातल्या मुंग्या गेल्या आणि टीव्हीची चुकीची सेटिंग उघडी पडली. तेव्हापासून तक्रारी बदलल्या. चेहरे लालभडक, रात्रीच्या दृश्यात काही दिसत नाही, बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली. पट्टी कापली जाते ती ओव्हरस्कॅनमुळे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर टाकतो म्हणून. पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडलं की ती पूर्ण दिसते.

ग्राहकाच्या घरी गेल्यावर टीव्ही अर्धा-पाऊण तास चालू ठेवतो, कारण थंड पॅनेलवर घेतलेली मापं नंतर सरकतात. ‘विविड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावतो. एनर्जी सेव्हिंग, लाइट सेन्सर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन बंद. हे चालू राहिलं तर आपण एक आकडा लावतो आणि टीव्ही दृश्यागणिक दुसराच करतो.

मग काळा. व्हिडिओत काळ्याची पातळी १६ आणि पांढऱ्याची २३५ धरलेली असते. चाचणीच्या चित्रातल्या १६ च्या खालच्या पट्ट्या दिसता कामा नयेत, १८ ची पुसटशी दिसली पाहिजे. एवढ्यावर येईपर्यंत ब्राइटनेस एकेका आकड्यानं हलवायचा. कितीही हलवून जमत नसेल तर दोष बहुधा एचडीएमआयच्या रेंजमध्ये, म्हणजे काळा आणि पांढरा कोणत्या आकड्यावर धरायचा या सेटिंगमध्ये असतो. बॉक्स ‘फुल’ पाठवतोय आणि टीव्ही ‘लिमिटेड’ समजतोय, तर काळे केस आणि काळा शर्ट एकच डाग होतात. उलट असेल तर सगळं चित्र राखाडी, धुतल्यासारखं. दोन्हीकडे एकच रेंज लावल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कॉन्ट्रास्टसाठी कसोटी सामना लावून बघा. गोलंदाजाच्या पांढऱ्या शर्टवरच्या चुण्या उन्हातही दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर त्या दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली. शार्पनेस बऱ्याच टीव्हींवर शून्याजवळच बरा, जास्त झाला की अक्षरांभोवती पांढरी कड येते. काही कंपन्यांत मात्र मधला आकडा तटस्थ असतो, म्हणून कडेकडे बघूनच ठरवायचं.

पडद्यावरचा रंग मोजणारा मीटर निघतो तो यानंतर. कलर टेम्परेचर ‘वॉर्म’वर ठेवून ८० टक्के पांढऱ्यावर गेन आणि ३० टक्क्यांवर ऑफसेट लावतो. लक्ष्य ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा डी६५ हा प्रमाण पांढरा. हिरव्याला शक्यतो हात लावत नाही, कारण उजेडाचा मोठा वाटा त्याचाच. लाल-निळा वरखाली करतो. एक टोक हललं की दुसरं थोडं सरकतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या होतातच. डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक सांगणारा आकडा, ३ च्या खाली आला की थांबतो. मीटरला पॅनेलचा प्रकार सांगावा लागतो. ओएलईडीवर एलसीडीची करेक्शन फाइल लावली तर आकडे बरोबर दिसतात आणि पांढरा चुकलेला असतो. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या टीव्हीचे व्हाइट बॅलन्सचे आकडे उतरवून घेऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलांतही फरक असतो.

रात्री अंधारात बघणाऱ्या घरी पांढरा १०० ते १२० निट्स (उजेडाचं माप) आणि गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो त्याचा आकडा, २.४ ठेवतो. समोर खिडकी असलेल्या दिवाणखान्यात बॅकलाइट वाढवून गॅमा २.२, ब्राइटनेस तोच. दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन मोड करून देतो. एचडीआरची (जास्त उजळ आणि गडद तपशील दाखवणाऱ्या चित्राची) सेटिंग वेगळी साठवलेली असते, ती एचडीआर चालू असतानाच तपासावी लागते.

पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळट वाटतं. डोळा निळसर पांढऱ्याला सरावलेला असतो. तेवढे दिवस सेटिंग बदलू नका, एवढंच आमचं सगळ्यांना सांगणं असतं.

नवा टीव्ही आला की लगेच आम्हाला बोलावू नका. रोज पाच तास धरून महिनाभर चालू द्या, पॅनेल स्थिरावू द्या. काम झाल्यावर सगळे आकडे इनपुटनिहाय कागदावर लिहून देतो. तो कागद वॉरंटी कार्डासोबत ठेवा. फॅक्टरी रीसेट झाला तर तेच आकडे परत टाकता येतात. मदरबोर्ड किंवा पॅनेल बदललं असेल तर मात्र माप नव्यानं घ्यावं लागतं.